सत्तावीस नंबरची कुंडी

खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि बरेचसे विसरलोही. श्रीवर्धनच्या एका फुलांच्या प्रदर्शनातून कुंडी चोरीला गेली, ती घटना मात्र आजही आठवते. आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

मे महिना होता. हौशी बागप्रेमींच्या मंडळाच्या अध्यक्षा भरदुपारी ठाण्यात आल्या. सकाळी परीक्षण झालं, सत्तावीस नंबरच्या कुंडीतल्या ऑर्किडला, 'सीतेच्या वेणी'ला, पहिलं बक्षीस मिळालं आणि मंडळी जेवायला गेली तेवढ्यात कुंडी गायब. पाच वाजता बक्षीस समारंभ. मनातल्या मनात हसलो, पण गेलो.

सभागृहाची चावी वॉचमनकडे. गरीब माणूस समोर असला की आमच्या खात्याला फार डोकं चालवावं लागत नाही. तासभर त्याला उभं करून दरडावलं, शिव्याही दिल्या. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मी घेतला न्हाय. पन ज्याचा झाड गेला, तो आलाय का तुमच्याकडं?"

खरंच, मालक कुठे होता? परीक्षकांना फक्त नंबर दिसावेत म्हणून नावांची वही एकट्या सचिवांकडे असे. सचिव म्हणजे निवृत्त शिक्षक, मंडळाचं काम अठरा वर्षं विनामोबदला करणारे. वही मागितली तर म्हणाले, "घरी राहिली."

"सर, तुमची वही घरी?" अध्यक्षा चकित झाल्या. मी सरांकडे पाहिलं. वही आणायला मी आणि अध्यक्षा त्यांच्याबरोबरच निघालो.

त्यांच्या घरी मागच्या पडवीत कुंडी होती. नुकतंच पाणी घातलेलं.

"हिची आहे," सर म्हणाले. पत्नीला जाऊन तीन आठवडे झाले होते. "फॉर्म तिनंच भरलेला. मागे घेववेना. नंबर येईल असं वाटलं नव्हतं. नावं दरवर्षी मीच पुकारतो. तिचं पुकारलं असतं, तर उठलं कोण असतं, साहेब?"

गुन्हा अजून दाखल झाला नव्हता. अध्यक्षांनी तक्रार मागे घेतली आणि कुटुंबातल्या कुणी बक्षीस घ्यावं असं सुचवलं. लेक पुण्याला, इथे कुटुंबात सरच होते, आणि कार्यकारिणीतल्या माणसाला बक्षीस घेता येत नसे. सरांनी तिथेच बसून राजीनामा लिहिला.

"अहो सर, मंडळ सोडून तुम्ही करणार काय?"

"आज मला तेवढं उठू द्या," ते म्हणाले.

पाचला अध्यक्षांनी नाव पुकारलं. सर खुर्चीतून उठले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. दाराशी वॉचमन हात जोडून उभा होता. नंतर कळलं, सरांना कुंडी नेताना त्यानं पाहिलं होतं, तरी माझ्या शिव्या मुकाट ऐकल्या होत्या.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम प्रदर्शनाला गेलो. सर दिसले नाहीत. वॉचमनला विचारलं.

"न्हाय साहेब. झाड मला दिला आनि पुन्याला लेकीकडं गेले. यंदा फुलला न्हाय तो."

तेव्हा कुठे मी त्याची माफी मागितली. इतकी वर्षं मी चोराच्या मागे धावलो. आधी ज्याचं गेलं त्याच्या घरी जावं, हे मला त्यानं शिकवलं. सरांच्या घरी मात्र मी पोलीस म्हणून गेलो तेवढाच. नंतर एकदा तरी चहाला जायला हवं होतं.