वाट मोकळी झाली

माझं पहिलं मूल पाचव्या दिवशी गेलं. हिरव्या उलट्या करत गेलं. कोणी दृष्ट म्हणालं, कोणी माझ्या दुधाला दोष दिला. त्या पाच दिवसांत मी इच्छादेवीला किती विनवलं, ते माझं मलाच ठाऊक. नंतरही देव्हाऱ्यात रोज दिवा लावत राहिले, पण मागणं सोडून दिलं. त्यात वैराग्य नव्हतं. मी देवीवर रुसले होते.

दोन वर्षांनी मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या ओठांवरून तेच हिरवं पाणी ओघळलं. सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन धावल्या. मी ओरडले, "दृष्ट राहू द्या, आधी डॉक्टरला बोलवा!" त्या घरात माझा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या डॉक्टरांनी तिचं फुगलेलं पोट चाचपलं. जन्मल्यापासून शी झाली का, ते विचारलं; झाली नव्हती. "आतडं जन्मतःच कुठेतरी बंद आहे. ऑपरेशनशिवाय इलाज नाही," ते माझ्या यजमानांना म्हणाले. "पूर्वी मी नागपूरला पाठवलं असतं. आता नवं राज्य झालं आणि आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. तिथे एवढ्याशा बाळाला हात लावणारं कोणी आहे का, मला माहीत नाही. मुंबईला न्या. आणि दूध थेंबभरही पाजू नका." त्यांनी तिच्या नाकातून बारीक रबरी नळी पोटात सोडली आणि पिचकारीने ते हिरवं पाणी कसं ओढून काढायचं, ते यजमानांना शिकवलं.

सकाळच्या गाडीत बसलो, तर गाडीच्या हिसक्यांत यजमानांना पिचकारी काही केल्या नळीला लावता येईना. बाळ भुकेने रडे आणि ते रडणं ऐकून माझा पान्हा आपोआप वाहू लागे. पदर भिजून चिंब, पण पाजायचं नाही. समोर एक वयस्क बोहरी बाई बसल्या होत्या, बुऱ्हाणपूरच्या दर्ग्याला येऊन मुंबईला परत निघालेल्या. त्या उठून जवळ आल्या. "बेटी, बच्ची मुझे दे. तीस साल अस्पताल में यही काम किया है." त्यांनी बाळाला कुशीवर धरलं, उलटी छातीत उतरू नये म्हणून, आणि मुंबई येईपर्यंत पिचकारी हातातून खाली ठेवली नाही. बाळ त्यांच्या हाती देताना माझ्या आतली मूठच सुटली. मनात एवढंच आलं, आई, आता तूच धर.

त्यांनीच आम्हाला टॅक्सीने मुलांच्या इस्पितळात नेलं, वॉर्डापर्यंत सोडलं. त्या घाईत त्यांचं नाव विचारायचंही भान राहिलं नाही.

सर्जननी आतड्याचा बंद भाग काढून दोन्ही टोकं शिवली. "शिवण धरली की नाही, ते शी झाली म्हणजे कळेल," ते म्हणाले. मी त्यांना पहिल्या बाळाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "त्यालाही हेच झालं असेल का?" ते म्हणाले, "असू शकेल, आता सांगता येणार नाही. पण बाई, तुमच्या दुधाचा काही दोष नव्हता." दोन वर्षं अडून राहिलेलं रडू तिथे, त्या लांब व्हरांड्यात फुटलं.

सहाव्या दिवशी सकाळी नर्स एक लंगोट तसाच उघडा घेऊन जवळजवळ पळतच आली. "बघा, बघा! शी झाली!" मी त्या मळलेल्या कापडाला हात जोडले. वॉर्डातल्या बायका आधी हसल्या, मग त्यांचेही डोळे भरून आले.

एकासाठी इतकं मागूनही तो गेला आणि हिच्यासाठी मी काही मागितलंही नाही. असं का, ते मला अजून उमगलेलं नाही. उमगावं असा हट्टही आता उरला नाही. तिच्या पोटावर आडवा व्रण राहिला. लहानपणी तिला न्हाऊ घालताना त्या व्रणापाशी माझा हात थांबायचा. देवीचं की त्या बोहरी बाईंचं, नाव नेमकं कोणाचं घ्यावं ते कळायचं नाही, मग मी एवढंच म्हणायची, "तुझीच आहे."