दुसऱ्यांना दवाखान्यात नेणारी मामी

आमच्या अनसिंगच्या थोरल्या मामीइतका दुसऱ्याच्या आजारात रस घेणारा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात झाला नसेल. कुणी नुसतं खोकललं तरी हातातलं काम टाकून मामी त्याच्या अंगणात हजर. "काहून खोकलून राह्यला?" असं विचारून उत्तराआधीच काढा पुढे. लग्नाच्या पंगतीत वाढतानाही ती बायकांच्या कमरा आणि गुडघ्यांची चौकशी करायची. लाजून पानात मान घालणारीला जास्तीची बुंदी वाढून बोलतं करायची. वाशिमच्या दवाखान्यात कुणालाही न्यायचं असलं की मामी सोबत, आणि डॉक्टरांनी रोग्याला काही विचारलं की उत्तर मामीचं. एकदा वैतागून डॉक्टरांनी तिचीच नाडी धरली. "माही नका पाहू," हात सोडवत मामी म्हणाली, "मले काई होत नाई."

मागल्या वर्षी शहरातून पाहणीवाले आले. कॅन्सरच्या उपचारात खेड्यातल्या बायका मागे का राहतात, त्यांच्या गरजा काय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. गावाने अर्थातच मामीला पुढे केलं.

"तुमची मुख्य गरज काय, काकू?"

"एसटी."

"ही कोणती तपासणी?"

"लाल असते," मामी म्हणाली, "अन् भरली का थांबत नाई. दुसरं, बाई डॉक्टर पायजे. अन् सोयाबीनच्या सोंगणीत कोनाले बलावू नका."

पाहणीवाल्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि ऐन कापणीत वाशिमला तपासणी शिबिर ठेवलं. डॉक्टर मात्र बाई आणली, हे मान्य केलं पाहिजे.

मामीने भांडून एक टेम्पो मिळवला, गल्लीतल्या बायका त्यात कोंबल्या, शिबिरात एकेकीला आत ढकललं आणि स्वतः दाराशी चपला राखत बसली. शेजारच्या शाहेदाभाभी, ज्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, तपासून बाहेर आल्या.

"तुमी नाई गेल्या?"

"मी गेली तं चपला कोन पाह्यन?"

भाभी तिच्या शेजारी बसल्या. "चपला मी पाह्यतो. तुमी कायले भिऊन राह्यल्या?"

मामीने समोरच्या चपलांच्या जोड्या नीट लावल्या. मग खाली पाहत ती म्हणाली, "गाठ हाये, भाभी. उन्हाळ्यापासून."

भाभींनी तिला आत नेलं, तपासणीत कॅन्सरच निघाला. उपचार नागपूरला होते. मामा म्हणाले, "सोयाबीन निघू दे, मंग पाहू." भाभींनी दुकानाला कुलूप घातलं, मामांना म्हणाल्या, "तुमी सोयाबीन पाहा, मी मामीले पाह्यतो," आणि मामीला घेऊन निघाल्या. ऑपरेशन झालं. औषधांनी केस गेले. तरी वॉर्डातल्या सगळ्या खाटांची विचारपूस मामीने चालूच ठेवली, म्हणून नर्सबाईंनी तिला दोनदा दम दिला.

आता ती बरी आहे, असं डॉक्टर म्हणतात. यंदा दिवाळीत मी गेलो तेव्हा शेजारच्या गावची एक सून नागपूरच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन ओट्यावर आली होती. ती कडेला टेकून पदराचं टोक पिळू लागली. शेवटी तिने विचारलं, "मामी, लय दुखते का?"

मला वाटलं, आता मामी बोलत सुटणार. पण तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, सरकून त्या पोरीला जवळ जागा करून दिली.

"दुखते, माय," ती म्हणाली, आणि पोरीचा हात हातात घेऊन बसून राहिली.