लिंबूटिंबू

बाळांनो, मी काठीशिवाय चालू लागले, हे तुमच्या आईने तुम्हांला कळवलंच असेल. ते कोणामुळे, हे मात्र मीच सांगायला हवं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुबईत अल मनखूलच्या आमच्या घरी आठवड्यातून तीनदा एक फिजिओथेरपिस्ट यायची. मूळची युगांडाची, पस्तिशीची. दहा म्हणजे दहालाच बेल वाजायची. बॅगेतल्या रबरी पट्ट्यांच्या घड्या अशा नीट, की मला ती पहिल्याच दिवशी आवडली. ती मला ‘मामा’ म्हणायची. तिच्याकडे मामा म्हणजे आई. तुमचा मामा आतून ओरडायचा, “आई, या घरात मामा मी आहे!”

पाय उचलून धरताना दुखणं विसरावं म्हणून मी टीव्ही लावत असे. एकदा एक इंग्रजी गुन्हेगारी मालिका चालू होती. दारातून एक काळा तरुण आत आला आणि मी पटकन म्हणाले, “हाच चोर.”

तिने माझी टाच हातात धरलेलीच होती. शांतपणे म्हणाली, “मॅडम, तो तर आत्ताच दारातून आलाय.”

मामा नाही, मॅडम. बाकीचे व्यायाम तिने नेहमीच्याच काळजीने करून घेतले. पुढचे दोन दिवस मला गुडघ्याहून ते ‘मॅडम’च जास्त दुखलं. ती आता दुसऱ्या कोणाला पाठवेल, असंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दहाला बेल वाजली. मी दारातच माफी मागितली. “मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण टीव्हीने मला काय शिकवलं, ते कधी तपासलं नाही.”

ती बसली. म्हणाली, “माझे वडील गणिताचे मास्तर. त्यांच्यासारखा माणूस मी पडद्यावर शोधत असते. आमचा माणूस तिथे चोरी करतो, नाहीतर हसवतो. फार चांगला असला तर हिरोचा मित्र होतो आणि हिरोला राग यावा म्हणून मरतो.”

“म्हणजे लिंबूटिंबू,” मी म्हणाले.

तिने भुवया उंचावल्या. मग मी समजावलं: आमच्या खेळात धाकट्या भावंडाला घेतात, पळवतात, पण त्याच्यावर राज्य कधी येत नाही. तो खेळात असतो, मोजण्यात नसतो.

ती इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. “लिंबूटिंबू! अगदी हेच!” मग तो शब्द तिने चारदा म्हणून पाठ केला. चुकीवरून माणसाला न तोडता त्याच्याशी बोलत राहायला किती मोठं मन लागतं, ते मी त्या सकाळी पाहिलं.

दोन आठवड्यांनी खिडकीपर्यंत चालायचं होतं. मी काठी घट्ट धरली. ती चार पावलं पुढे उभी राहिली, हात पसरले आणि म्हणाली, “मामा, काठी हातात असू दे. पण आज ती लिंबूटिंबू.”

मी काठी जमिनीला टेकवलीच नाही.