वेर्नरचं उन्हाकडचं गाव

वेर्नर बर्फ काढायचा नाही, रचायचा. अमेरिकेत ॲन आर्बरला त्याच्या आणि आमच्या घराला गाड्या काढायची वाट एकच. ती मोकळी करायची सोडून हा ऐंशीच्या पुढचा म्हातारा बर्फाचे दोन लांब डोंगर करायचा, मधे फावड्याच्या टोकाने ओढा ओढायचा. चर्च म्हणून कॉफीचा रिकामा डबा. माझा पोरगा ऑफिसच्या घाईत, गाडी अडकलेली, आणि वेर्नर त्यालाच सांगतोय की हे स्वित्झर्लंडमधलं त्याचं गाव.

सांगणं संपायचं नाही. अलीकडच्या उतारावर ऊन, तिथे त्याचं गाव. ओढ्यापलीकडे सावलीकडचं गाव. उन्हाकडे गवत आधी कापायला यायचं, सावलीकडे नुसतं जंगल. वरचं कुरण दोघांचं, त्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडण. एकदा बर्फाचा कडा कोसळून जुनं चर्च गेलं. तो कडा कुठून सुटला नि कुठे थांबला, हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. माझं शिक्षण चौथी, इंग्रजी मोडकं; त्याचंही मोडकंच. तरी सगळं कळायचं, हेच दुखणं.

भेटेल त्याला एकच प्रश्न, "सनी साइड की शॅडो साइड?" पहिल्या भेटीत मलाही विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे ऊन मोप, लोक सावली शोधतात. म्हणाला, "म्हणजे तुम्ही चुकीच्या बाजूचे." मी जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. डोंगर खालून दाबून घे, नाहीतर बसेल, असं सांगितलं तर म्हणे, "गाव माझं आहे." डोंगर बसला.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या पुतण्याचा फोन आला. गावात माणसं उरली नव्हती, कारभार चालेना. सावलीकडच्या गावात विलीन व्हायचं का, यावर ग्रामसभेत हात वर होणार होते. झालं तर नाव सावलीवाल्यांचं राहणार. वेर्नर गाव सोडून आलेला, त्याला मत नाही. त्याने पुतण्याला फोन करकरून भंडावलं. पुतण्या फोन उचलेना, तेव्हा मला धरलं. मी वैतागून म्हटलं, "तुला गाव सोडून जन्म लोटला. नाव राहिलं काय, गेलं काय, तुला काय फरक पडतो?"

"तुझं गाव जागेवर आहे," तो म्हणाला. "म्हणून तुला बोलता येतं."

मी सरळ घरात निघून आलो. त्याच्याशी कोण डोकं लावणार.

गाव विलीन झालं. त्यानंतर वेर्नरने फावडं धरलं नाही. महिन्याभरात मुलगी त्याला फ्लोरिडाला न्यायला आली. तो गाडीत बसताना मी म्हटलं, चल, तिकडे ऊनच ऊन, तुझ्या मनासारखं.

"तिथे सगळं सपाट," तो म्हणाला. "मग बाजू कुठली?"

जातानाही मलाच कोडं घालून गेला.

मार्चात ऊन लागलं. उन्हाकडचा डोंगर आधी वितळला, डबा चिखलात आडवा. सावलीकडचा मात्र ताठ उभा. ते बघून माझं डोकंच फिरलं. फावडं काढलं, सावलीकडचा बर्फ उचलून इकडे टाकला, खालून चांगला दाबला, वर डबा ठेवला.

सूनबाई दारातून म्हणाली, "बाबा, उद्या वितळेलच ना ते?"

"वितळू दे," मी म्हटलं. "सावलीकडे अजून पुष्कळ आहे."