मिस्त्रीचा पुकारा

माझा धाकटा भाऊ दिग्रसमध्ये ऑटोवर भोंगा बांधून पुकारा करायचा. कापडाचं नवं दुकान उघडलं की पुकारा, डोळे तपासायचं शिबिर आलं की पुकारा, कुणाची म्हैस सुटून गेली तरी पुकारा. आणि कुणी गेलं की मयतीचा पुकारा. आमच्याकडे अंत्ययात्रेला सगळे मयतच म्हणतात, मग ती हिंदूंची असो, मुसलमानांची असो की आम्हा बौद्धांची. त्या सगळ्यांचं काम त्याच्याकडेच यायचं, कारण आवाज तसा होता. कापसाच्या जिनिंगच्या घरघरीतूनही ऐकू जायचा. घरात मात्र तोच आवाज माझ्यावर चालवायचा, 'ताई, चहा!' म्हणून. मी म्हणायचे, 'मी काय बाजारात उभी हाओ का रे? हळू बोल.'

अंगणवाडीतून निवृत्त झाले तशी मी कायमची त्याच्याकडे राहायला आले. भावजय आधीच वारली होती, त्याची मुलगी पुण्याला नोकरीवर. दोन म्हाताऱ्यांचं घर. रोज भांडायचो आणि बरं चाललं होतं.

मयतीच्या पुकाऱ्याची त्याची एक रीत होती. निरोप कुणीही आणू दे, हा आधी त्या घरी जायचा. दाराशी चपला काढायचा, हात जोडून उभा राहायचा आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचा, 'काय सांगू?' ते सांगतील तेवढंच भोंग्यातून बोलायचा. मला त्याची घाई व्हायची. म्हटलं, अरे, माणूस गेलं हे तर साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, तू अजून दारात कशाला ताटकळतोस? तो म्हणायचा, 'तुले नाई समजत ताई. ज्याच्या घरचं हाय त्याच्या तोंडून आलं पाह्यजे.'

त्याचा एकच जिवलग दोस्त, तो मिस्त्री. बसस्टँडच्या मागं मेकॅनिक लोकांची लाइन आहे, तिथं त्याचं दुकान आणि दुकानामागंच घर. ऑटो तोच दुरुस्त करायचा आणि भोंग्याचं मशीनही तोच. लहानपणापासूनची दोस्ती. हा मिस्त्रीला सलाम करायचा, मिस्त्री ह्याला जयभीम घालायचा, आणि लगेच एकमेकांना शिव्या सुरू. मशीन दुरुस्त करून देताना मिस्त्री दरवेळी म्हणायचा, 'नीट ठेव बे याले. एक दिवस याच्यातूनच तुले माह्या नावानं बोंबलाचं हाय.' हा म्हणायचा, 'पहिले ऑटोचं काम पुरं कर, मंग मर.' इतक्या वेळा ऐकलं होतं मी ते, की माझे कान किटले होते.

मग पुण्याहून सुटीत आलेल्या पोरीनं बापाच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. दोन-तीन ओळी लिहायच्या आणि सोडायच्या, की ज्याला पाहिजे तो वाचतो. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण तो त्यात असा रमला की विचारू नका. म्हणाला, 'मले काय नवीन हाय यात? या चौकापासून त्या चौकापर्यंत ऑटो जाईस्तोवर सारं सांगा लागते. जिंदगीभर तेच तं करून राह्यलो.' आणि खरंच होतं त्याचं. त्याला कमीत सांगायची सवयच होती. 'यवतमाळची सकाळची गाडी आज नाही. पुढची भरून येईल, लहान लेकरं घेऊन निघू नका.' 'उद्या जिनिंग बंद. कापसाच्या गाड्या भरू नका.' 'नळ संध्याकाळी. दुपारी वाट पाहू नका.' लोक सकाळी उठून आधी त्याचं वाचायला लागले.

मी काही त्या गोष्टीच्या विरोधात नव्हते, हे आधीच सांगते. आमच्या गल्लीतली एक बाळंतीण यवतमाळच्या दवाखान्यात होती, रक्त हवं होतं, घरचे सैरावैरा धावत होते. ह्यानं दोन ओळी लिहिल्या. ओळख ना पाळख, कुठून कुठून पोरं रक्त द्यायला येऊन उभी राहिली, एक तर नेरहून आला होता. ती बाई लेकरू घेऊन घरी आली तेव्हा मी ह्याच्या पाठीवर हात फिरवला. भोंगा नेरपर्यंत कुठून ऐकू जाणार होता?

पण पुढं पुढं त्याचं लक्ष ओळींवरून त्याखाली येणाऱ्या अंगठ्यांवर गेलं. किती अंगठे आले, किती दिल आले. भाकरी हातात आणि डोळे फोनमध्ये. गावात आणखीही चार जण तसंच लिहायला लागले होते, तेव्हापासून तर ह्याला एकच ध्यास, सगळ्यांच्या आधी मी. दुसऱ्यानं आधी टाकलं की ह्याचं तोंड सुजलेलं. मी म्हटलं, 'अरे, नळ आला ते लोकांना नळच सांगते, तू कायले जीव टाकून राह्यला?' तर म्हणे, 'ताई, तुले नाई समजत.'

त्याच हिवाळ्यात मिस्त्रीला बरं नाहीसं झालं. छातीचं दुखणं. यवतमाळला ठेवला होता, पण डॉक्टरांनी हात टेकले. मिस्त्रीनं बायकोला सांगितलं, 'मले इथं छताकडे पाहत नाई मराचं. लाइनीत नेऊन ठेवा. येता-जाता लोकं बसतीन माह्यापाशी, चार गोष्टी होतीन.' एवढीच इच्छा होती बिचाऱ्याची. दुसरं काही मागितलं नाही.

ज्या दिवशी त्याला आणलं, त्या दिवशी माझा भाऊ रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभा होता. ॲम्ब्युलन्स लाइनीत शिरली. मिस्त्रीची पोरं मान खाली घालून मागनं चालत होती. आणि लाइनीतल्या सगळ्या दुकानांची शटरं अर्धी खाली. हातोडीचा आवाज नाही, ग्राइंडरचा नाही. आमच्याकडे अर्ध्या शटरचा अर्थ एकच, कुणीतरी गेलं. हा तिथंच उभ्या उभ्या रडला, हे टपरीवाल्यानंच मला सांगितलं. आणि रडता रडता फोन काढून त्यानं लिहिलं, 'आमचे मिस्त्री गेले. मयतीची वेळ मागून कळवतो.'

मिस्त्री गेला नव्हता हो. शेजारच्या मेकॅनिकांनी शटरं ओढली होती ती त्याला झोप लागावी म्हणून. ठोकाठोकीचा त्रास नको, म्हणून सगळे आतल्या आत गुपचूप काम करत होते. पंधरा पावलं चालून दारात गेला असता आणि 'काय सांगू?' विचारलं असतं तर मिस्त्रीनंच आतून शिवी दिली असती. मी नंतर विचारलं त्याला, काहून नाही गेलास? म्हणाला, 'पुकाऱ्याले ऑटो काढा लागते ताई, मशीन लावा लागते, तवर माणूस त्या घरी जाऊन येते. फोन तं हातातच होता.'

मिस्त्रीला खाटेवर नीट टेकवून होईस्तोवर हार घातलेला त्याचा फोटो फोनाफोनांतून गावभर फिरत होता. ह्यानं आपलं लिहिलेलं काढून टाकलं, पण तोवर दुसऱ्यांनी उचललं होतं. मिस्त्रीच्या बायकोला, आमच्या भाभीला, फोनवर फोन. ती एकेकाला सांगत होती, 'नाही जी, हयात हायत. पाणी पिऊन राह्यले.' मी धावत गेले तर मिस्त्री उशीला टेकून फोन वाचत हसत होता. एका श्रद्धांजलीवर बोट ठेवून म्हणाला, 'ताई, पाहा ना, हा! यानं जिंदगीत मले एकदा सलाम नाई केला, अन् आता म्हणते आधारवड कोसळला.' हसता हसता खोकला आला, भाभी रागावली. मलाही हसू आलं आणि रडूही. मग पोराला सांगून त्यानं दुकानातली खुर्ची खाटेशेजारी ठेवून घेतली. 'पाहा आता, येतीन सारे. एवढ्या लोकायले वाईट वाटलं म्हणते.'

कुणी आलं नाही.

मला आधी कळेचना. मग भाजीबाजारात एकीला विचारलं, मिस्त्रीला पाहून आलीस का गं? तिनं मान खाली घातली. 'कशी जाऊ ताई? मी तं श्रद्धांजली लिहून बसली. जित्या माणसापुढं उभी कशी राहू?' दुसऱ्याला विचारलं तर तेच. जो तो लाजेनं तोंड लपवून बसला होता. काहींच्या मनात तर तो गेलाच होता. वाचलं, हात जोडल्याचं चित्र टाकलं, झालं, पुढच्या गोष्टीला लागले. ज्या माणसानं अख्ख्या गावाच्या गाड्या ढकलत घरी पोचवल्या, त्याच्या खाटेपाशी मी, भाभी आणि त्याची पोरं. लाइनीतले शेजारी काम आटोपलं की डोकावून जायचे तेवढंच.

आणि माझा भाऊ? तोही नाही गेला. त्यानं पुन्हा फोनवरच लिहिलं, 'मिस्त्री हयात आहेत. चुकीबद्दल मनापासून माफी.' त्यालाही अंगठे आले. मिस्त्रीनं ते वाचलं आणि त्याचं हसू गेलं. फोन उशाशी पालथा ठेवला. मग म्हणाला, 'ताई, मले कायले लिहून राह्यला तो? दोन गल्ल्या तं हाय.'

घरी येऊन मी त्याच्यावर तुटून पडले. 'बस येत नाही ते तीन ओळींत सांगता येते. माफी तशी मागतेत का रे? ऊठ, जा त्याच्यापाशी!' तो म्हणाला, 'कोणत्या तोंडानं जाऊ ताई?' मी म्हटलं, 'हाय त्याच तोंडानं जा. दुसरं कुठून आणशील?' ताट तसंच राहायचं त्याच्यापुढं. सकाळी धुतलेला शर्ट घालायचा, ऑटो काढायचा, स्टँडला एक चक्कर मारून घरी यायचा. लाइनीच्या तोंडाशी ऑटो हळू करतो आणि तसाच पुढं जातो, हे मला भाभीच्या पोरानं सांगितलं. म्हणजे मिस्त्रीलाही कळत होतं. त्या ऑटोचा आवाज तो झोपेत ओळखायचा, त्याच्याच हातचा होता तो.

असा राग आला मला भावाचा, असा राग आला, की त्याच्याशी बोलणंच टाकलं. पण रोज भाकरीबरोबर एकच वाक्य वाढायचे, 'गेला का?'

एकदा मिस्त्रीपाशी गेले, पाय दुखत होते, म्हणून खुर्ची ओढली. मिस्त्रीला आता बोलायला धाप लागायची, तरी हात वर करून म्हणाला, 'तुमी खाटेवर बसा ताई. ते खुर्ची त्याची हाय.' मी खाटेच्या कडेला बसले. त्यानं विचारलं, 'मशीन चालते ना त्याचं?' मी हो म्हटलं. खरं तर भोंगा कधीचा धूळ खात पडला होता, पण हो म्हटलं. घरी येऊन हे सगळं भावाला सांगितलं, न बोलण्याचा हट्ट मोडून सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. म्हणाला, 'उद्या जातो.'

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभीचा पोरगा आला. दारातच उभा राहिला, आत येईना, तेव्हाच मी समजले.

भाऊ उठला. फोनला हात लावला नाही. मी मागोमाग गेले. लाइनीत शटरं अर्धी खाली होती, मेकॅनिक लोक बाहेर उभे होते. ह्यानं दाराशी चपला काढल्या, हात जोडले. ती खुर्ची खाटेशेजारी तशीच रिकामी होती. ह्यानं ती पाहिली. भाभी समोर आली, तिला वाटेल ते बोलायचा हक्क होता, पण ती लागेल असा एकही शब्द बोलली नाही. ह्यानंच कसंबसं विचारलं, 'भाभी, काय सांगू?'

भाभीनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, 'सांगा, संध्याकाळी असरच्या नमाजनंतर मयत हाय. अन् सांगा भाऊ, लिहू नका म्हना. या म्हना.'

ऑटो काढला. त्याला एकट्याला सोडवेना म्हणून मी मागच्या सीटवर जाऊन बसले. भोंग्यावरची धूळ त्यानं बाहीनं पुसली, मशीनचं बटण दाबलं, ते एका दमात सुरू झालं. मिस्त्रीनं शेवटचं दुरुस्त केलेलं ते. 'आपल्या गावचे मिस्त्री आज आपल्यातून गेले. असरच्या नमाजनंतर लाइनीतल्या घरून मयत निघेल. घरच्यांची विनंती आहे, लिहू नका. या.' आवाज तोच होता. बाजारातून, जिनिंगवरून, शाळेपुढून तो तेच शब्द बोलत गेला, भाभीच्या निरोपाबाहेरचं काही नाही.

स्टँडवरच्या टपरीपाशी ऑटो थांबला. चहा पिणारा एक जण फोनमधून मान वर करून म्हणाला, 'मिस्त्री? ते तं मागंच गेलते ना?'

भाऊ त्याच्याकडे वळला. माईक तोंडाशीच होता, बंद करायचं भानच नव्हतं त्याला.

'नाई रे बाबा,' तो म्हणाला, आणि साऱ्या बाजारानं ते भोंग्यातून ऐकलं. 'तवा जिता होता. रोज वाट पाहून राह्यलता. मीच नाई गेलो.'