आईंच्या ट्रॅक्टरची चाकं

सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. रोज थोडं थोडं चालायचं आणि जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. पहिली त्यांनी निमूट ऐकली. दुसरीनं मात्र त्यांचं जगणंच अवघड केलं. भाजी निवडणं, मच्छी साफ करणं, शेजारणीशी बोलणं, सगळं त्या जन्मभर खाली बसूनच करत आलेल्या. आता पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या रस्त्याकडे बघत राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर वैतागायच्या. माझ्यावर तर फारच. आमटीला मीठ बरोबर असलं तरी, "आज बरोबर पडलं वाटतं," म्हणायच्या.

आमचं घर भिवंडीकडे, खारबावजवळच्या गावात आहे. मी दापोड्याला एका गोदामात माल रवाना करायचं काम बघते. आईंसाठी मी रजा घेतली होती, पण रजेच्या पहिल्याच आठवड्यात मला गोदामाची आठवण यायला लागली. कंटेनर उशिरा आला म्हणून भांडणारे ड्रायव्हर आईंपेक्षा सोपे वाटू लागले.

एका सकाळी माझे सासरे, म्हणजे बाबा, गोठ्यातून एक छोटं चाक घरंगळवत आणताना दिसले. त्यांनी पत्र्याचा ड्रम उपडा घातला, त्यावर चाक आडवं ठेवलं आणि आईंच्या हातात तारेचा ब्रश दिला.

"हे घास. बघून बघून रस्ता झिजंल तो."

"हे कशाचं?" मी विचारलं.

"तिच्या ट्रॅक्टरचं," बाबा म्हणाले.

गोठ्यात गोणपाटाखाली एक छोटा ट्रॅक्टर उभा आहे हे मला माहीत होतं. माझ्या कमरेएवढाच उंच, लोखंडी परातीसारखी सीट असलेला. एका बंगलेवाल्यानं आपल्या बागेसाठी तो परदेशातून मागवला होता. बंगला विकला गेला तेव्हा बाबांनी तो आमच्या भाजीच्या वाडीसाठी घेतला. पण बाबा तेव्हा भिवंडीत कापडाच्या लूमवर मिस्त्री होते. आज दिवसपाळी, उद्या रातपाळी. घरी आले की झोपायचे. ट्रॅक्टर नुसताच उभा राहतो हे बघून आईंनी एक दिवस पदर खोचला आणि त्यावर चढल्या. कुणी शिकवलं नाही. पुढे कित्येक वर्षं वाडीची नांगरट त्यांनीच केली. गुडघे दुखायला लागले तसा ट्रॅक्टर गोठ्यात गेला.

आईंनी ब्रश हातात घेतला, चाकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाकीची तीन कुठं हायत?"

बाकीची काढायला दुपार गेली. मागच्या चाकांचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. डिझेल ओतून ठेवलं, पान्याला पाइप जोडला, तरी हलेनात. शेवटी माझा नवरा पाइपवर उभा राहून अक्षरशः नाचला तेव्हा पहिला बोल्ट करकरत सुटला. आई पडवीतून बघत होत्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी त्यांना पोट धरून हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी घासायला बसलो. त्या खुर्चीत, मी पायरीवर. आधी तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, मग पॉलिश पेपरनं घासायचं. चाकांवर हिरवा रंग होता, जाड आणि पोपडे धरलेला. तो निघाला तसा खालून दुसराच रंग दिसायला लागला. दुधावरच्या सायीसारखा, किंचित पिवळट. आईंचा हात थांबला. त्यांनी अंगठ्यानं तेवढी जागा पुसली.

"हा बघ. हा त्याचा खरा रंग."

मग त्यांनी सांगितलं. ट्रॅक्टर आला तेव्हा चाकं अशीच साय रंगाची होती. गावातली माणसं बघायला यायची. नांगरट झाली की त्या विहिरीवर नेऊन आधी चाकं धुवायच्या, मग स्वतःचे पाय. पुढे पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी, शेलारला गेल्या. माझ्या नवऱ्याला कडेवर घेऊन परत आल्या तर अंगणात ट्रॅक्टर उभा आणि चारही चाकं हिरवी.

"कारखान्यात लूमला मारायचा रंग उरला होता, म्हणून आणून फासला," आई म्हणाल्या. "मना इचारलं पण न्हाय."

बाबा अंगणातच टायर तपासत होते. "हिरव्यावर चिखल दिसत न्हाय," ते म्हणाले. "आन तवाच सांगायचं होतं ना."

"काखंत पोर, दारात सासू. काय सांगणार होते? तुम्ही इचारायचं होतं."

बाबा पुन्हा टायरकडे वळले. मला वाटलं, विषय मिटला.

तीन चाकांना टायरलगतची कड सोडून तांबडा प्रायमर मारून झाला, चौथं अर्धवट घासून राहिलं होतं, आणि बाबा भिवंडीला जाऊन रंगाचा डबा घेऊन आले. झाकण उघडलं तर आत हळदीसारखा पिवळाधमक रंग. सगळ्या ट्रॅक्टरांच्या चाकांना असाच असतो, साय रंग कुणी ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. खिडक्यांना साय रंगच लावतात, तो बघा, असं आईंचं म्हणणं. डबा कोपऱ्यात गेला.

त्याच आठवड्यात आईंना तपासणीला न्यायचं होतं. आम्ही संध्याकाळी परत आलो. मी आईंना धरून रिक्षातून उतरवलं. पडवीत ड्रमवर एक चाक ठेवलेलं, ओलं, चकचकीत पिवळं. बाबा बाजूला ब्रश घेऊन उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता.

"एकच लावून बघितलं," ते म्हणाले. "कसं दिसतंय तुला दाखवायला."

आई चाकाकडे बघत राहिल्या. "दुसऱ्यांदा," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हाताला धरून आत गेल्या.

रात्री जेवायला बसलो. आईंनी बाबांना भात वाढायला मला सांगितलं, स्वतः वाढला नाही. मला दोघांचीही दया येत होती. बाबांना वाईट काही करायचं नव्हतं. त्यांना खूश करण्याची ही एवढीच रीत माहीत होती, काहीतरी करून मोकळं व्हायचं आणि मग दाखवायचं.

सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा आईंच्या खुर्चीत बसून ते पिवळं चाक पॉलिश पेपरनं घासत होते. रंग धड वाळलेला नव्हता, कागदाला चिकटत होता. त्यांची बोटं पिवळी झाली होती.

"बाजारात जाशील तेव्हा तिचा रंग तू घेऊन ये," ते मान वर न करता म्हणाले. "मी गेलो तर पुन्हा चुकीचा आणीन."

मी दुकानातून रंगांच्या नमुन्यांचं पत्रक आणलं. आईंनी ते प्रायमर न लावलेल्या चौथ्या चाकावरच्या साय रंगाजवळ धरलं, सगळे पिवळट पांढरे रंग एकेक करून तपासले आणि एकावर नख रोवलं. मग बाबांकडे पत्रक सरकवून म्हणाल्या, "बघा, हाच ना?" बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि मान डोलावली. त्या दिवशी भात आईंनी वाढला.

आता अडचण टायरलगतच्या कडेची होती. टायर चाकावरून काढले असते तर जुनं रबर फाटण्याची भीती होती. टायरवाल्यानं माझ्या नवऱ्याला युक्ती सांगितली. हवा सोडायची आणि टायर आणि लोखंड यांच्या फटीत जाड कागदाचे पत्ते चहूबाजूंनी खोचायचे, म्हणजे टायरला रंग लागत नाही. जाड कागद म्हटल्यावर आईंनी कपाटावरची पिशवी काढायला लावली. त्यात गावातल्या आणि नात्यातल्या लग्नपत्रिका होत्या. आमच्याकडे पत्रिका टाकत नाहीत, देवाचं चित्र असतं म्हणून. आईंनी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कातरून वाटीत ठेवला आणि उरलेली पत्रिका मला खोचायला दिली.

पण नुसती देत नव्हत्या. आधी माझ्याकडून वाचून घ्यायच्या. "हिच्या हळदीला बेंजोवाले आलेच न्हाईत, मग पोरांनी पिंप वाजवले." "ह्याच्या वरातीत घोडा भाताच्या शेतात घुसला." एका चाकाला अख्खी सकाळ लागली. मधे माझीच पत्रिका हातात आली. मी ती बाजूला ठेवायला गेले.

"दे इकडं," आई म्हणाल्या. "लग्न झालं ना तुझं? मग आता तिचं काय काम?" आणि त्यांनी ती स्वतः मागच्या चाकाच्या फटीत खोचली. गणपती मात्र वाटीत गेला.

रंगाचा पहिला हात बिघडला. आईंनी ब्रश भरभरून घेतला आणि रंगाचे ओघळ आले. ते वाळल्यावर पुन्हा घासावे लागले. मग त्यांनी डब्याच्या कडेला ब्रश निथळून घेतला आणि म्हणाल्या, "तव्यावरच्या भाकरीला पाणी लावतो तसं लावायचं हाय हे." त्यानंतर एकही ओघळ आला नाही. त्या रंग लावायच्या, मी ड्रमवरचं चाक हळूहळू फिरवायची. दुसरा हात वाळल्यावर पत्रिका ओढून काढल्या. काळ्या टायरच्या आत साय रंग इतका स्वच्छ दिसत होता की शेजारणीनं येऊन बोट लावून बघितलं. आईंनी तिच्यासमोरच ती जागा पुसली.

इंजिनाचं काम गावातल्या मेकॅनिकनं केलं. डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली त्याच दिवशी आईंनी, "मग सीटवर चढायला काय हरकत," असं त्यांना विचारलं होतं. कसली सीट हे सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. डॉक्टर हसले, गुडघा वाकवून बघितला, आणि कुणीतरी सोबत असू द्या, म्हणाले.

पावसाळा नुकताच सरला होता, वाडीतली जमीन मऊ होती. बाबांनी पायाखाली लाकडी स्टूल धरलं आणि आई चढल्या. ट्रॅक्टर दोनदा खोकला, मग सुरू झाला. वाडीकडे जायला रस्ता ओलांडावा लागतो. तिथे एक मोठा कंटेनर थांबला होता. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"अम्मा, किधर चली?"

"काम पे," आई म्हणाल्या. "तू पहले जा, मेरी गाडी छोटी है."

तो नाही गेला. त्यानं हात करून आईंनाच आधी जाऊ दिलं. बाबा पुढे चालत होते, जणू मिरवणूक निघाली होती.

आईंनी निम्मी वाडी नांगरली. मग ट्रॅक्टर थांबवून उतरल्या आणि मला म्हणाल्या, "बस आता तू." मी नको नको म्हणत सीटवर चढले. त्या शेजारून चालत सांगत होत्या, डावीकडं, हळू, पुढं बघ, चाकाकडं बघू नकोस. माझं सगळं लक्ष चाकांकडेच होतं, आणि माझ्या नांगरटीच्या ओळी बांधापर्यंत वाकड्या गेल्या. आईंनी त्या सरळ करायला दिल्या नाहीत. भेंडी तशीच लावली, तशीच वाकडी उगवली. ती तोडायला मी गोदामात जायच्या आधी वाडीत जाते, तेव्हा आई बांधावर खुर्ची टाकून बसलेल्या असतात आणि फारच कोवळी तोडली की ओरडतात.