निळीत भिजवलेली सरकी

वाचनाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याची आधीच क्षमा मागतो. ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटं होती त्यांनी या विषयावर बोलावं. आमच्या घरात छापलेला कागद म्हणजे किराण्याच्या पुड्यांचा. माय त्या उलगडायची, हात फिरवून सपाट करायची आणि फळीवर अंथरायची. अक्षरं सुलटी आहेत की उलटी हे तिला कळत नसे, आणि शाळेत जाईपर्यंत आम्हालाही कळत नव्हतं. मी घरातला पहिला मॅट्रिक आणि वस्तीतला पहिला कॉलेजात गेलेला. एवढ्यावर कोणी वाचनाविषयी मतं देऊ नयेत. तरी देतो आहे, कारण माझ्या वाचनामुळे एकदा माझ्या वडिलांची पेरणी धोक्यात आली होती, आणि ती गोष्ट माझ्याशिवाय दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

अमरावतीला वसतिगृहापासून दहा मिनिटांवर एक वाचनालय होतं. तिथले ग्रंथपाल म्हातारे होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय पायजे?"

"काहीही चालंन जी."

"काहीही नावाचं पुस्तक नाही आपल्यापाशी. लेखकाचं नाव सांग."

मला पाठ्यपुस्तकाबाहेरच्या एकाही लेखकाचं नाव आठवेना. "मंग तुमीच द्या जी," मी म्हणालो. त्यांनी खुर्चीतून न उठता हात मागं नेला आणि हाताला लागलं ते पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. ते मधमाश्या पाळण्याबद्दल होतं. पुढं दोन वर्षं हीच पद्धत चालू राहिली. त्यांचा हात जिथवर पोचत होता, तेवढं माझं वाचन.

मधमाश्यांचं पुस्तक मी पूर्ण वाचलं. लेखक प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी माश्यांना घाबरू नका म्हणून सांगतो. त्यावरून तो स्वतः घाबरत असावा असं माझं मत झालं. नंतर बंगला कसा बांधावा यावर एक पुस्तक मिळालं. त्यात दिवाणखान्याला निदान तीन दारं असावीत असं होतं. आमच्या अख्ख्या घराला एकच दार होतं, त्यामुळे मला काही मत देता आलं नाही. हिमालयात फिरून आलेल्या एका गृहस्थाला प्रत्येक शिखर पाहून रडू येत असे. पुढं मी परतवाड्याहून मेळघाटाचे डोंगर मुद्दाम पाहिले, बराच वेळ उभा राहिलो, पण रडू आलं नाही. चूक पुस्तकाची की माझी, हे अजून ठरलेलं नाही. एका रहस्यकथेची शेवटची सोळा पानं गायब होती. खून कोणी केला हे मी ग्रंथपालांना विचारलं.

ते म्हणाले, "मले काय माहीत? सोळा पानं नाहीत म्हणून तर ते पुस्तक अजून जागेवर आहे. पूर्ण असतं तर कवाच चोरीले गेलं असतं."

पत्रं कशी लिहावीत याचंही एक पुस्तक होतं. त्यात घरमालकास, मामलेदारास, रुसलेल्या पत्नीस असे नमुने होते. मला तिन्हींचा उपयोग नव्हता, तरी मी ते उतरवून घेतले.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की यातल्या प्रत्येक ओळीवर माझा विश्वास होता. वाचणाऱ्यानं विश्वास ठेवायचा की नाही हे दर वेळी नव्यानं ठरवायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही ते आपोआप सुचलं नाही.

वाचनालयात एक साप्ताहिक येत असे. जुने झालेले अंक ग्रंथपाल आम्हा मुलांना देऊन टाकत. एका एप्रिलमध्ये मला एक अंक मिळाला, त्याचं मुखपृष्ठ फाटलेलं होतं. आत एक पानभर जाहिराती होत्या. एका छत्रीच्या कंपनीनं छत्रीच्या माथ्यावर काचेची खिडकी बसवली होती. पाऊस थांबला की नाही हे पाहायला हात बाहेर काढावा लागू नये, म्हणून. मला ती कल्पना बरी वाटली, पण काच फुटेल अशी शंका आली. एका पेनवाल्यानं चुकीचं उत्तर लिहायला नकार देणारं पेन काढलं होतं. ते परीक्षेत चालू देणार नाहीत, म्हणून मी त्याचा नाद सोडला. तिसरी जाहिरात कपड्यांना घालायच्या निळीची होती. पेरणीआधी सरकी तीन दिवस आमच्या निळीच्या पाण्यात भिजवा, असं कंपनीचं सांगणं होतं. मग कापूस जन्मापासूनच इतका शुभ्र येईल की त्याच्या कापडाला आयुष्यभर नीळ लागणार नाही. यात आमचं नुकसान आहे हे आम्ही जाणतो, असंही खाली लिहिलेलं होतं. बाजूला पांढरा कोट घातलेल्या माणसाचं चित्र होतं.

कंपनी स्वतःचं नुकसान करून घेते आहे, म्हणजे ती खोटं बोलत नसणार, असं मला वाटलं. तरी मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी होतो, म्हणून वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडून पाहिलं. मुळं पाण्यात विरघळलेली द्रव्यं शोषून घेतात असं त्यात होतं. निळीबद्दल काही नव्हतं, पण विरोधातही काही नव्हतं. एक एप्रिलला लोक एकमेकांना फसवतात हे शहरातल्या मुलांना माहीत होतं. आमच्याकडे तो एकतीस मार्चनंतरचा दिवस होता, एवढंच.

पुढच्याच आठवड्यात चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी गावी गेलो. अकोटला एस. टी. सोडून दीड कोस चालत जावं लागे. त्या दिवशी सगळी वस्ती पांढरे कपडे घालते. आदल्या दिवसापासून घराघरातल्या बादल्यांत निळीचं पाणी असतं. वंदना, भाषणं, जेवण झालं, आणि नेहमीप्रमाणं वडिलांनी, म्हणजे आम्ही ज्यांना बा म्हणतो त्यांनी, निळ्या झेंड्याच्या ओट्यावर मला बसवलं. "वाच गा बापू, काही नवीन," म्हणाले. ही आमची पद्धतच होती. मी सुटीत आलो की काहीतरी वाचून दाखवायचो आणि माणसं ऐकायची. मी मधमाश्या वाचल्या होत्या, बंगला वाचला होता. त्या दिवशी निळीची जाहिरात वाचली.

शेजारचे एक म्हातारे काका पुढं सरकले. "म्हंजे धोतराले नीळ नाही लागनार?"

"नाही."

"आन् धोतर धुवा तरी लागंन का नाही?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मंग अर्धच काम केलं त्यानं," काका म्हणाले. लोक हसले. बा हसले नाहीत.

"छापलं हाय ना हे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तू वाचलं तसंच हाय?"

"शब्दाला शब्द."

त्या वर्षी बांना सरकारी पडीत जमिनीतली दोन एकर मिळाली होती. तोवर त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात पेरलं होतं. स्वतःच्या नावावरच्या जमिनीतली ही पहिली पेरणी. सरकी मडक्यात भरून, तोंड लिंपून ठेवलेली होती. आमच्याकडे पेरणीआधी सरकी शेणमातीत चोळतात, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. त्या संध्याकाळी बा मायला म्हणाले, "औंदा शेन नोको. औंदा नीळ."

मी समाधानानं अमरावतीला परत आलो. माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग झाला होता.

खोलीतला माझा सोबती परतवाड्याचा. त्याचे वडील रंगारी, साड्या रंगवत. मी त्याला ती जाहिरात दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी गंमत करतो आहे का, हे त्याला तपासायचं होतं.

"अबे, नीळ कापडाले रंग नाही देत. पिवळेपना लपवते, नजरले धोका देते, बस," तो म्हणाला. "बीजात घुसणारी चीज असती तर माझे अब्बा चाळीस साल हात निळे करून कायले बसले असते? आमी सात भावंडं निळी नसतो निघालो?"

"मग कंपनी खोटं का छापेल?"

"पहली एप्रिल, मेरे भाई. मजाक करून राहिले ते."

"आणि सरकीचं काय होईल?"

"तीन दिवस पाण्यात? सडंन. आनखी काय होईन?"

पुढच्या अंकात कंपनीनं आमच्या विनोदाचा आस्वाद घेणाऱ्या सर्व वाचकांचे आभार मानले होते. त्यात मी आलो की नाही हे मला कळलं नाही.

आता बांना कळवायला हवं होतं. पण आमच्या घरी पत्र गेलं की ते गावच्या शाळेतल्या गुरुजींकडे जाई, आणि गुरुजी ते ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवत. वस्तीत पत्र असं एकट्याचं नसतंच. मी लिहिलं असतं तर बा फसले हे त्यांना आणि सगळ्या वस्तीला एकाच वेळी कळलं असतं. मी नमुन्यांची वही काढली. वडिलांची फसवणूक झाल्याबद्दल मजकूर त्यात नव्हता. रुसलेल्या पत्नीच्या पत्रात फेरफार करून पाहिला, तो कागद फाडून टाकला. शेवटी परीक्षा संपेपर्यंत थांबलो. वनस्पतिशास्त्राच्या पेपरात मुळांवर प्रश्न आला होता. तो मी सोडून दिला.

मे महिन्यात गावी पोचलो तेव्हा बा वावरात दगड वेचत होते. अकोटच्या बाजारातून त्यांनी निळीच्या बारा पुड्या आणून ठेवल्या होत्या. मी बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं.

बांनी हातातला दगड बांधावर ठेवला. "म्हंजे छापलेलं खोटं असते?"

"कधी कधी."

"कोनतं कवा खोटं, हे कसं वळखाचं?"

मी वाकून एक दगड उचलला आणि त्यांच्या दगडाशेजारी ठेवला.

"कॉलेजात नाही शिकवत हे?"

"नाही."

"मंग काय शिकवते?"

मी म्हणालो, "मुळं पाणी शोषून घेतात."

"ते मले माहीत हाय." त्यांनी धोतराला हात पुसले. "तवा तू म्हने खरं हाय. आता म्हनतं खोटं हाय. दोन्ही बार तूच वाचलं. मी कोनाचं आयकू?"

"आताचं ऐका, बा."

"आता आयकतो, आन् दिवाळीले तू तिसरंच वाचून येशीन." त्यांनी पुढचा दगड उचलला. "एक ओळ निळीची पेरतो. बाकी शेनाची. वावरच सांगंन काय ते."

"ओळ वाया जाईल."

"जाऊ दे. मायी जमीन हाय."

संध्याकाळी ओट्यावर काका मंडळी बसली होती. मी हातपाय धुऊन, एक पुस्तक काखेत घेऊन तिथं जाऊन बसलो. बा पीकपाण्याबद्दल बोलत राहिले. त्यांनी मला वाच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवस मी पुस्तक घेऊन जायचो आणि तसंच परत आणायचो. माय म्हणाली, "कायले वागवून राहिला ते वझं? ठेव घरी." एक ओळ सरकी जाणार याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. बा पुन्हा कधी मला वाच म्हणतील की नाही, हे मात्र मनातून जात नव्हतं.

पावसाळ्यात गुरुजींच्या अक्षरात पत्र आलं. येथील सर्व कुशल, पेरणी झाली, अभ्यास करणे. ओळीबद्दल काही नाही. मीही विचारू शकलो नाही, कारण विचारलेलं ओट्यावर वाचलं गेलं असतं. वाचनालयात जात होतो, पण पुस्तकं अर्धवट परत करू लागलो. ग्रंथपाल म्हणाले, "काहून रे, काहीही चालत होतं ना तुले?" मी म्हणालो, हल्ली थोडं पाहून घेतो.

दिवाळीच्या सुटीत अकोल्याला जठारपेठेत दोन मुलींची शिकवणी धरली, त्यामुळे गावी जाणं झालं नाही. तसं एक दिवस जाऊन येता आलं असतं. सुटी संपवून अमरावतीला परतलो तर सोबत्यानं माझ्यासाठी आलेलं एक कार्ड उशीखाली जपून ठेवलेलं होतं.

तो म्हणाला, "तुह्या घरी कोनी लहान पोरगं नवीन नवीन शाळेत जाऊन राहिलं का?"

"नाही. का?"

त्यानं कार्ड पुढं केलं. अक्षरं बोटाच्या पेराएवढी मोठी होती आणि शेवटच्या दोन ओळी जागा न उरल्यामुळे कडेनं उभ्या गेल्या होत्या. गुरुजींचं अक्षर नव्हतं. मजकूर असा होता:

"बापू. निळीच्या ओळीत तेरा झाडं आली. बाकी सडली. कापूस पांढरा हाय. शेनाच्या ओळीचा बी तेवढाच पांढरा. गुरुजी संध्याकाळी मोठ्या मानसाइले शिकवते. मी जातो. येशीन तवा तो निळीचा कागद घेऊन ये. मी वाचून पाह्यतो. तुहा बा."